लहरी कोणाच्या, सामना कोणाचा?

चित्रपट आणि मालिका घरपोच देणाऱ्या स्ट्रीमिंग सेवांनी क्रीडास्पर्धांचे थेट प्रक्षेपण हाती घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न गेली काही वर्षे वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर वारंवार चर्चिला जातो. या व्यवसायातील सर्वांत ठळक नाव नेटफ्लिक्सचे. १९९७ साली स्थापन झालेली आणि टपालाने डीव्हीडी भाड्याने देणारी ही कंपनी २००७ पासून इंटरनेटवरून चित्रपट दाखवू लागली. परंतु थेट खेळांपासून ती दीर्घकाळ कटाक्षाने दूर राहिली. आपण खेळांच्या विरोधात नसून केवळ नफ्याच्या बाजूने आहोत, अशा आशयाचे उद्गार तिचे सहप्रमुख टेड सॅरँडॉस यांनी डिसेंबर २०२२ मध्ये काढले होते. त्यानंतर दोन वर्षे उलटण्याच्या आत, १५ नोव्हेंबर २०२४ रोजी, माइक टायसन आणि जेक पॉल यांची मुष्टियुद्धाची लढत याच कंपनीने जगभर थेट दाखवली. त्याच वर्षीच्या नाताळात अमेरिकन फुटबॉलचे दोन सामने आले आणि जानेवारी २०२५ पासून व्यावसायिक कुस्तीचा साप्ताहिक कार्यक्रमही सुरू झाला. नकाराचा होकार झाला, तो असा.

ही सारी चर्चा बहुधा जमाखर्चाच्या भाषेत होते. हक्कांना किती पैसे मोजले, वर्गणीदार किती वाढले, जाहिरातीतून किती सुटले, एवढेच त्यात विचारले जाते. आम्हांला या प्रश्नाकडे इतिहासाच्या बाजूने पाहावेसे वाटते. कारण निदान भारतात तरी तो नवा नाही. नभोवाणी, दूरदर्शन, उपग्रह वाहिन्या आणि आता इंटरनेट, अशा प्रत्येक माध्यमापुढे तो आपापल्या काळी उभा राहिला, आणि प्रत्येक वेळी त्याच्या आड आणखी एक प्रश्न दडलेला होता. सामना दाखवण्याचा हक्क एकाच्याच हाती असावा काय, आणि तसा तो असला तर दाराबाहेर कोण राहते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कंपन्या आपल्या सोयीने देतील. दुसऱ्याचे उत्तर समाजाने द्यायचे असते, आणि आपल्याकडे ते एकदा दिलेही गेले आहे. त्या उत्तराची आठवण करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे पाहिले पाहिजे की स्ट्रीमिंग सेवा आणि थेट सामना या मुळात दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. स्ट्रीमिंग सेवेचे सारे आकर्षण संग्रहात असते. ती एक प्रकारचे ग्रंथालय आहे. वाटेल तेव्हा यावे, हवे ते काढावे, अर्धवट ठेवावे, पुन्हा उघडावे. ग्रंथालयातले पुस्तक आज वाचले काय आणि पुढच्या वर्षी वाचले काय, त्याचे मोल कमी होत नाही. थेट सामना हा मात्र नाटकाच्या प्रयोगासारखा असतो. तो ठरल्या वेळी होतो, सर्वांनी एकाच वेळी पाहायचा असतो आणि निकाल लागताक्षणी त्याचे बाजारमूल्य बव्हंशी संपते. चित्रपट विकत घेणारा एक वस्तू विकत घेतो. सामन्याचे हक्क विकत घेणारा वेळ विकत घेतो. नाशिवंत माल ठेवणाऱ्या व्यापाऱ्याची सारी गणिते धान्याच्या व्यापाऱ्याहून निराळी असतात. नेटफ्लिक्सला जो संकोच वाटत होता त्याचे मूळ येथे आहे, असे आम्हांला वाटते. ग्रंथालयाच्या दालनात रोज नवा प्रयोग लावायचा म्हणजे ग्रंथालयाचा स्वभावच बदलायचा.

या क्षणाची किंमत किती असते याची दोन टोके भारतीय क्रिकेटच्या इतिहासात सापडतात. १८ जून १९८३ रोजी इंग्लंडमधील टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध कपिलदेव यांनी नाबाद १७५ धावा केल्या. भारताने जिंकलेल्या त्या विश्वचषकातील ही सर्वांत गाजलेली खेळी, पण तिचे चित्रण उपलब्ध नाही. मैदानावर हजर असलेल्यांखेरीज ती कोणी पाहिली नाही. बाकीच्यांनी ती ऐकली, वाचली आणि एकमेकांना सांगितली. प्रक्षेपण नसतानाही सामना जनमानसात राहू शकतो, याचे हे एक टोक. दुसरे टोक २००७ सालच्या जानेवारीतले. वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेचे हक्क निम्बस या खासगी कंपनीकडे होते आणि दूरदर्शनला ते चित्र कसे मिळावे याचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. तडजोड म्हणून दूरदर्शनने तेच चित्र सात मिनिटांच्या विलंबाने दाखवावे, असा तोडगा निघाला. चेंडू तोच, फटका तोच, झेलही तोच. फक्त सात मिनिटे शिळा. एवढ्या सात मिनिटांसाठी मोठमोठे वकील उभे राहिले, यातच ‘थेट’ या शब्दाचे व्यापारी वजन कळून येते.

परंतु हे वजन त्याला नेहमीच होते असे नाही. मुंबईत क्रिकेटचे धावते समालोचन नभोवाणीवरून होऊ लागले ते १९३० च्या दशकात. हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन संघांच्या सामन्यांना त्या काळी शहरात अफाट लोकप्रियता होती आणि ए. एफ. एस. ऊर्फ बॉबी तल्यारखान यांचा आवाज त्या सामन्यांशी एकरूप झालेला होता. ते तासन्‌तास एकट्याने बोलत आणि ध्वनिक्षेपक दुसऱ्या कोणाबरोबर वाटून घेणे त्यांना रुचत नसे. गमतीने म्हणायचे तर भारतीय क्रीडा प्रक्षेपणातील मक्तेदारीची ती पहिली खूण! मात्र ही मक्तेदारी बोलणाऱ्याची होती, ऐकणाऱ्यावर तिची सक्ती नव्हती. रेडिओसाठी परवाना शुल्क भरावे लागे हे खरे. पण एक संच सुरू झाला की त्याभोवती किती माणसे उभी राहतात हे मोजण्याची सोय कोणापाशी नव्हती. पानपट्टीवरचा रेडिओ रस्त्याचा होई, चाळीतला रेडिओ मजल्याचा होई.

मराठीपुरते बोलायचे तर या काळाचे ऋण आणखी मोठे आहे. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकाने आकाशवाणीवरून मराठीत सामना सांगितला, तेव्हा एका परकीय खेळाला आपल्या भाषेत घर मिळाले. फलंदाज, गोलंदाज, यष्टिरक्षक, षटक, चौकार, पायचीत, त्रिफळाचीत हे शब्द आज कोणाला घडवलेले वाटत नाहीत. वृत्तपत्रांनी ते छापले आणि नभोवाणीने ते उच्चारले, म्हणून ते रुळले. परिभाषा समित्यांनी सिद्ध केलेल्या कित्येक संज्ञा कोशात पडून राहिल्या आणि क्रिकेटची परिभाषा मात्र मैदानावरच्या पोरांच्या तोंडी गेली, याचे कारण ती सर्वांना एकाच वेळी, फुकट आणि पुन्हापुन्हा ऐकू आली. थेट प्रक्षेपण खुले असते तेव्हा त्यातून केवळ करमणूक नव्हे, तर भाषाही वाटली जाते.

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले आणि त्याच वर्षी देशव्यापी कार्यक्रमांनाही प्रारंभ झाला. माध्यमाच्या विस्तारासाठी खेळाचा उपयोग होतो हे सरकारला तेव्हा पुरते उमगले होते, असे दिसते. मात्र खेळाला त्यासाठी काही मोजावे लागते, ही कल्पना त्याच्या हिशेबात नव्हती. दूरदर्शन हे एकच दार होते. सामना दाखवला तर तो दूरदर्शनच्या कृपेने, आणि न दाखवला तर दाद कोठे मागायची? १९८७ च्या विश्वचषकाच्या वेळीही चित्र तेच होते. ती स्पर्धा रिलायन्स चषक या नावाने खेळली गेली आणि तिचा एक उपांत्य सामना मुंबईत वानखेडे मैदानावर झाला. प्रायोजक म्हणून कपड्यांच्या आणि फलकांच्या जगातून आलेले हे उद्योगनाम पुढे प्रक्षेपणाच्या केंद्रस्थानी येईल, असे तेव्हा कोणाला वाटले नसेल.

आपल्याकडे सरकारी दार एकटे उभे असताना परदेशांत खासगी दारे उघडत होती, आणि ती उघडण्यासाठी खेळाचाच वापर होत होता. ऑस्ट्रेलियात चॅनल नाइनचे मालक केरी पॅकर यांनी क्रिकेटच्या प्रक्षेपणाचे हक्क मागितले; मंडळाने मोठी रक्कम नाकारून जुन्या सार्वजनिक वाहिनीशी असलेले नाते राखले. तेव्हा पॅकर यांनी १९७७ साली जगातले आघाडीचे खेळाडू फोडून आपली स्वतंत्र स्पर्धाच उभारली. दोन वर्षांत मंडळाला नमते घ्यावे लागले आणि हक्क नाइनकडे गेले. प्रकाशझोतातील सामने, रंगीत कपडे, मैदानाच्या दोन्ही टोकांचे कॅमेरे ही त्या भांडणाची देणगी होय. अमेरिकेत एचबीओ या सशुल्क वाहिनीने १९७५ साली उपग्रहामार्फत कार्यक्रम पोचवण्यास आरंभ केला तो महंमद अली आणि जो फ्रेझर यांच्या मनिलातील लढतीने. इंग्लंडमध्ये १९९२ साली रूपर्ट मरडॉक यांच्या स्काय वाहिनीने प्रीमियर लीग फुटबॉलचे हक्क घेतले आणि बुडीत वाटणारा व्यवसाय सावरला. चार वर्षांनी भागधारकांपुढे बोलताना मरडॉक यांनी आपले धोरण लपवून ठेवले नाही. सशुल्क वाहिन्यांसाठी दार फोडायचा ओंडका म्हणून आपण सर्वत्र खेळ वापरणार, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

दार फोडायचा ओंडका! या प्रतिमेतले सत्य आपण नीट ओळखले पाहिजे. ओंडक्याला घरात जागा नसते. दार उघडले की त्याचे काम संपते, आणि मग आत येऊन स्थिरावतो तो ओंडका धरणारा. स्ट्रीमिंग सेवांनी खेळ घ्यावेत की नाही या आजच्या चर्चेत हा धडा बहुधा विसरला जातो. ज्याने खेळ घेतला त्याला खेळातच नफा हवा असतो असे नाही. त्याला घर हवे असते.

भारतात जुन्या दाराला पहिला हादरा बसला तो १९९३ मध्ये. बंगाल क्रिकेट संघटनेने आपल्या हीरक महोत्सवानिमित्त हिरो चषक ही स्पर्धा भरवली आणि तिच्या चित्रणाचे जागतिक हक्क टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीला दिले. दूरदर्शनची भूमिका अशी की देशातील प्रक्षेपणाचा अधिकार केवळ आपला. एवढेच नव्हे तर सामना दाखवण्यासाठी आयोजकांनीच प्रत्येक सामन्यामागे पाच लाख रुपये द्यावेत, अशीही मागणी तिच्याकडून झाली. परदेशी कंपनीची यंत्रसामग्री मुंबईत सीमाशुल्क खात्याने अडकवली. उपग्रहाकडे चित्र पाठवण्याची परवानगी रोखली गेली. १८८५ सालच्या तार कायद्याचा आधार घेऊन १९९३ सालचा क्रिकेट सामना अडवला जात होता! कोलकात्याच्या उच्च न्यायालयातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, अंतरिम आदेश मिळाले आणि स्पर्धेचे उरलेले सामने लोकांना दिसले. उपांत्य सामन्यात तेंडुलकर यांनी टाकलेले अखेरचे षटक आणि २७ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात अनिल कुंबळे यांनी बारा धावांत घेतलेले सहा बळी आज स्मरणात आहेत. त्या चित्रामागे चाललेली ही कायदेशीर झटापट मात्र फारशी कोणाला आठवत नाही.

या वादाचा अंतिम निकाल ९ फेब्रुवारी १९९५ रोजी लागला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने दिलेला हा निर्णय भारतीय माध्यमांच्या इतिहासातील एक मैलाचा दगड मानला जातो. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या आणि पुढे भारतीय वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्षपद भूषविलेल्या सावंत यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा गाभा असा: ध्वनिचित्रे वाहून नेणाऱ्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचा वापर जनतेच्या हितासाठी व्हावयास हवा आणि त्यावर सरकारपासून स्वतंत्र अशा सार्वजनिक प्राधिकरणाचे नियंत्रण असावे. माहिती मिळवण्याचा आणि देण्याचा अधिकार हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. सामना आयोजित करणाऱ्याचा हक्क मान्य करतानाच न्यायालयाने प्रेक्षकाच्या हक्काला त्याच्या शेजारी बसवले.

या निकालाचे स्मरण सहसा दूरदर्शनच्या मक्तेदारीचा शेवट म्हणून केले जाते. ते अर्धेच स्मरण होय. निकालपत्रांत सरकारी मक्तेदारीवर जेवढा रोख आहे तेवढाच खासगी मक्तेदारीच्या धोक्यावरही आहे. प्रक्षेपणाची साधने मूठभर धनिकांच्या हाती एकवटली तर अभिव्यक्तिस्वातंत्र्याला होणारी हानी सरकारी नियंत्रणाहून कमी नसेल, असा इशारा विशेषतः जीवन रेड्डी यांच्या स्वतंत्र निकालपत्रातून मिळतो. लहरी सरकारच्या नाहीत म्हणून त्या व्यापाऱ्याच्या होत नाहीत. त्या लोकांच्या आहेत. आपण पूर्वार्ध मोठ्या उत्साहाने अमलात आणला आणि उत्तरार्ध निकालपत्रातच ठेवला.

पुढच्या घडामोडी वेगाने झाल्या. केबलवाल्यांनी गल्लीबोळांतून तारा नेल्या, उपग्रह वाहिन्या आल्या आणि क्रिकेट मंडळाला आपल्या मालाची किंमत समजली. २००८ साली आयपीएल सुरू झाले आणि पहिली दहा वर्षे ते सोनीच्या वाहिन्यांवर दिसले. दरम्यान, केबल नसलेल्या घरांचे काय, या प्रश्नाला २००७ च्या कायद्याने उत्तर देण्याचा प्रयत्न केला. राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर झालेले सामने प्रसारभारतीला उपलब्ध करून द्यावेत आणि जाहिरातीचे उत्पन्न हक्कधारक व प्रसारभारती यांनी चित्रवाणीसाठी ७५ आणि २५ टक्के या प्रमाणात वाटून घ्यावे, असे त्यात ठरले. सात मिनिटांच्या विलंबाचा जो वाद वर आला त्याची ही परिणती. मात्र २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या सवलतीची कक्षा आखून दिली. मिळालेले चित्र दूरदर्शनने स्वतःच्या भूस्थित आणि डीटीएच जाळ्यावर दाखवावे. केबलवाल्यांमार्फत ते घरोघर जाऊ देऊ नये. हक्क विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने हे न्याय्यच होते. कायद्याची भाषा केबल, डीटीएच आणि नभोवाणीची होती. इंटरनेट तिच्यात नव्हते, आणि आयपीएलही सक्तीच्या वाटणीत आले नाही.

आता आपण स्ट्रीमिंगच्या काळात येतो. स्टार कंपनीने २०१५ च्या विश्वचषकाच्या सुमारास हॉटस्टार ही सेवा सुरू केली. अमेरिकेत जी गोष्ट करावी की न करावी याचा खल चालू होता, ती भारतात पहिल्या दिवसापासून गृहीत धरली गेली. येथे संग्रह नंतर आला, आधी प्रयोग. २०१७ सालच्या सप्टेंबरात आयपीएलच्या हक्कांचा लिलाव झाला तेव्हा फेसबुकने केवळ भारतातील डिजिटल हक्कांसाठी ३,९०० कोटी रुपये देऊ केले होते. तरीही पाच वर्षांचे सारे हक्क १६,३४७.५ कोटी रुपयांना स्टारकडे गेले. २०१९ च्या विश्वचषकातील भारत आणि न्यूझीलंड यांच्यातला उपांत्य सामना हॉटस्टारवर एका क्षणी २ कोटी ५३ लाख लोक पाहत होते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादच्या अंतिम सामन्याच्या वेळी हा आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला. इंटरनेटवर एवढी गर्दी एका क्षणी एका चित्रासमोर उभी राहणे ही तांत्रिकदृष्ट्या विलक्षण गोष्ट होती, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

जून २०२२ च्या लिलावात आणखी एक सीमारेषा ओलांडली गेली. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या हक्कांसाठी एकूण ४८,३९० कोटी रुपये मिळाले, म्हणजे ४१० सामने धरले तर एका सामन्याला सुमारे ११८ कोटी. भारतीय उपखंडातील चित्रवाणी हक्क २३,५७५ कोटींना डिझ्नीच्या मालकीच्या स्टारने राखले. डिजिटल हक्कांचे दोन गट मात्र रिलायन्सशी संबंधित व्हायकॉम १८ ने २३,७५७.५ कोटींना घेतले. भ्रमणध्वनीच्या पडद्याने दिवाणखान्यातल्या पडद्याला किमतीत प्रथमच मागे टाकले. अॅमेझॉन या लिलावातून आधीच बाजूला झाली होती. अमेरिकेत त्याच वर्षी फुटबॉलचे गुरुवारचे सामने घेणाऱ्या कंपनीलाही भारतातील हा सौदा परवडण्यासारखा वाटला नसावा.

आणि मग ओंडक्याचा प्रयोग झाला. २०२३ चे आयपीएल जिओसिनेमाने सर्वांना फुकट दाखवले. त्याच सुमारास प्रतिस्पर्ध्याची अवस्था काय झाली हे डिझ्नीच्या तिमाही अहवालांत नोंदलेले आहे. एप्रिलच्या आरंभी हॉटस्टारचे वर्गणीदार ५ कोटी २९ लाख होते. जुलैच्या आरंभी ते ४ कोटी ४ लाख उरले. तीन महिन्यांत सव्वा कोटी वर्गणीदार निघून गेले. संग्रह तोच होता. मालिका, चित्रपट, सारे जागच्या जागी होते. निघून गेला होता तो प्रयोग. पुढे आशिया चषक आणि विश्वचषक हॉटस्टारनेही भ्रमणध्वनीवर फुकट दाखवले. दोन दुकाने एकमेकांसमोर माल फुकट वाटू लागली की तिसऱ्या दिवशी काय होते, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विलीनीकरण जाहीर झाले, २८ ऑगस्टला स्पर्धा आयोगाने काही अटींवर त्याला मान्यता दिली, १४ नोव्हेंबरला व्यवहार पूर्ण झाला आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओहॉटस्टार ही एकच सेवा अवतरली. त्या वर्षीचे आयपीएल पूर्णतः फुकट राहिले नाही. ते वर्गणीच्या किंवा ठरावीक रिचार्जच्या मागे गेले.

तारखा पाहण्यासारख्या आहेत. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीच्या विरोधात निकाल दिला. त्याला तीस वर्षे आणि पाच दिवस झाले तेव्हा आयपीएल, मंडळाच्या मायदेशातील मालिका आणि आंतरराष्ट्रीय परिषदेच्या स्पर्धा यांचे भारतातील हक्क एकाच घराच्या दोन दारांवर, वाहिनीवर आणि इंटरनेटवर, आलेले होते. १९९३ मध्ये ‘दूरदर्शनने दाखवले तर’ असे म्हणावे लागे. आज केवळ नाव बदलले.

येथे दुसरी बाजू मांडली नाही तर अन्याय होईल. खासगी पैशाने खेळाचे भलेही केले आहे. जे चित्र पूर्वी दोनतीन कॅमेऱ्यांतून दिसे ते आज अनेक कोनांतून दिसते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी स्पर्धेने महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाला देशभर प्रेक्षक मिळवून दिला. महिलांच्या प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे हक्क जानेवारी २०२३ मध्ये ९५१ कोटींना गेले. एके काळी ज्या सामन्यांचा धावफलकही धड छापला जात नसे, त्यांना ही किंमत आली. इंटरनेटवर वाहिन्यांची जागा मर्यादित नसते, त्यामुळे एकच सामना बारा भाषांत सांगता येतो. २०२३ च्या आयपीएलमध्ये मराठी समालोचन होते आणि त्या चमूतून उठून केदार जाधव थेट बंगळुरूच्या संघात खेळायला गेले. बाळ ज. पंडितांनंतर मराठी समालोचनाला मिळालेली ही एक नवी खिडकी होय, आणि मराठीच्या अभ्यासकांनी तिची नोंद घेतली पाहिजे. फक्त एवढेच ध्यानात ठेवावे की पानपट्टीवरच्या रेडिओतून येणारी मराठी येणाऱ्याजाणाऱ्याची असे. ही मराठी ज्याच्याकडे डेटा आहे आणि वर्गणी आहे त्याच्याच कानात बोलते.

खुले दार बंद झाल्यावर काय होते, याचा दाखला इंग्लंडने दिला आहे. २००५ ची अॅशेस मालिका चॅनल फोरवर सर्वांना विनामूल्य दिसली आणि क्रिकेट त्या उन्हाळ्यात देशाच्या बोलण्यात आले. पुढच्याच वर्षापासून मायदेशातील कसोटी सामने सशुल्क स्कायवर गेले. मंडळाला पैसा मिळाला, त्यातून सोयीही झाल्या असतील. पण एक अख्खी पिढी आपल्या देशाचा संघ घरच्या पडद्यावर फुकट न पाहता वाढली. १४ जुलै २०१९ रोजी इंग्लंड विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोचले तेव्हा स्कायनेच ते चित्र चॅनल फोरला दिले. आपण काय काढून घेतले होते, याची ती एक दिवसाची कबुलीच म्हणावी लागेल.

तेव्हा, स्ट्रीमिंग सेवांनी थेट खेळ दाखवावेत काय? आमचे उत्तर होकारार्थी आहे. माध्यम बदलले की सामन्याने नव्या माध्यमात जाणे स्वाभाविक असते. नभोवाणीकडून दूरदर्शनकडे आपण असेच आलो. परंतु या होकाराला तीन अटी जोडाव्यात असे आम्हांला वाटते. पहिली अशी की २००७ च्या कायद्यातील तत्त्व इंटरनेटलाही लागू व्हावे. भ्रमणध्वनीकडे येणारे चित्रही शेवटी लहरींवरूनच येते आणि त्या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, हे न्यायालयाचे म्हणणे तंत्रज्ञान बदलल्याने खोटे ठरत नाही. राष्ट्रीय संघाचे महत्त्वाचे सामने एका तरी विनामूल्य वाटेने लोकांपर्यंत पोचावेत, मग ती वाट छतावरच्या तबकडीची असो वा खिशातल्या यंत्राची. दुसरी अट हक्क विकणाऱ्या मंडळासाठी. सारे सामने, सारी माध्यमे आणि सारी वर्षे एकाच घरात जाऊ नयेत, अशी रचना लिलावातच करता येते. २०२२ मध्ये ती झालीही होती, आणि विलीनीकरणाने ती निष्फळ ठरली.

तिसरी अट संग्रहाची. १९८३ च्या त्या खेळीचे चित्रण नाही याची आपण चाळीस वर्षे हळहळ करतो. आज प्रत्येक चेंडूचे चित्रण होते, पण ते हक्कधारकाच्या कोठीत जाते. हक्क बदलले, कंपन्या विलीन झाल्या, सेवा बंद झाल्या की त्या चित्रणाचे काय होते, हे प्रेक्षकाला विचारण्याची सोय नाही. जुने अंक जपणारी ग्रंथालये नसती तर मराठी नियतकालिकांचा इतिहास लिहिता आला नसता. खेळाच्या चित्रणासाठी असे एखादे सार्वजनिक ग्रंथालय नको काय? ठरावीक मुदतीनंतर प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामन्याची एक प्रत सार्वजनिक संग्रहात जमा करावी, असा नियम केला तर कोणाचाही धंदा बुडणार नाही, कारण त्या मालाचे बाजारमूल्य तोवर संपलेले असेल. बाजाराच्या दृष्टीने शिळा झालेला सामना इतिहासाच्या दृष्टीने तेव्हा कुठे पिकू लागतो.